पिगमेंट शाई आणि सुती कागद : दहा महिन्यांनंतर

माझ्या जलरंगचित्रांच्या प्रती मी गेले दहा महिने ठाण्यातील राहत्या घरी, ए३ प्लस आकाराच्या पिगमेंट प्रिंटरवर आणि चौरस मीटरला ३०८ ग्रॅम वजनाच्या, शंभर टक्के कापसाच्या मॅट कागदावर छापतो आहे. त्यात एक अख्खा पावसाळा येऊन गेला, म्हणून आता लिहितो.

अशा प्रतींना कलादालनांत ‘जिक्ले’ म्हणतात. हा शब्द जॅक डुगान यांनी १९९१ मध्ये योजला. गंमत अशी, की तो ज्या आयरिस या इंकजेट छपाईयंत्रावरील छपाईसाठी योजला गेला, त्याच्या सुरुवातीच्या शाया फार लवकर विटत. तेव्हा या नावावर न जाता शाई कोणती आणि कागद कोणता, हे विचारून घ्यावे. डाय शाईत रंग विरघळलेला असतो आणि त्याचे सुटे रेणू प्रकाशाला व हवेतील ओझोनला सहज बळी पडतात. पिगमेंट शाईत रंगाचे घन कण असतात. कणाचा बाहेरचा भाग खराब झाला तरी आतला बराच काळ शाबूत राहतो.

हे पडताळण्यासाठी मी एकच चित्र दोन्ही शायांत छापले, अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला आणि दोन्ही पट्ट्या दक्षिणेकडील खिडकीत लावल्या. आठ महिन्यांनी पुठ्ठा काढला, तेव्हा डायच्या पट्टीवरील गुलाबी छटा जवळजवळ उडाली होती व झाकलेल्या भागाची कड रेघ ओढल्यासारखी दिसत होती. पिगमेंटच्या पट्टीवर ती कड शोधावी लागली. मात्र तिचा उघडा कोरा कागद किंचित पिवळसर झाला होता, कारण कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घातलेली उजळक द्रव्ये प्रकाशाने निकामी होतात. पुढच्या वेळी अशी द्रव्ये नसलेला, मुळातच थोडा दुधी कागद घेणार आहे. आठ महिन्यांवरून शंभर वर्षांचे भाकीत करता येत नाही, हे मान्य. पण जाहिरातींतील वर्षांचे आकडेही कमी काळ प्रखर प्रकाश देऊन, गणिताने लांबवलेलेच असतात.

खरा त्रास पावसाने दिला. पहिली प्रत फ्रेमवाल्याने थेट काचेला टेकवून बसवली होती. जुलैत ती काचेला चिकटली आणि सोडवताना आकाशाचा पापुद्राच निघून आला. नंतरच्या प्रतींना आम्लरहित माउंट, म्हणजे चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट, लावून काचेपासून अंतर ठेवले, मागचा साधा हार्डबोर्ड बदलला आणि बाहेरच्या भिंतीवर काहीही टांगायचे नाही असे ठरवले. त्यांत थोडी लहर आली, बुरशी नाही.

गणपतीला पंधरा दिवस गावी गेलो, तेवढ्यात प्रिंटरच्या हेडमध्ये शाई सुकली आणि हेड तीनदा साफ करण्यात बरीच शाई वाया गेली. आता दर आठवड्याला रंगीत पान छापतो.

रंगांबाबत तक्रार एकच : मॅट कागदावर झेंड्याचा भगवा आणि गडद काळा मूळ चित्राइतके उतरत नाहीत, मग कागदाचे आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात हे संगणकाला सांगणारी फाइल) कितीही नीट लावा. ग्राहकाला हे आधीच सांगतो, आणि प्रतीच्या मागे पेन्सिलीने शाई, कागद व छपाईची तारीख लिहून देतो.