पावणेचौदा वर्षांचा एड्रियन की तेरा वर्षांचा जेसन: आधी कोणाला भेटावं?

एप्रिल १९८२. अर्जेंटिनाने ब्रिटनच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांवर सैन्य उतरवल्याची बातमी एड्रियन मोल रेडिओवर ऐकतो आणि जाऊन वडिलांना उठवतो. ही बेटं स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच आहेत असं वाटून वडील अंथरुणातून ताडकन उठतात. ती आठ हजार मैल लांब आहेत हे कळल्यावर ते परत आडवे होतात आणि डोक्यावरून पांघरूण ओढून घेतात.

हेच युद्ध जेसन टेलरच्या खेड्यात वेगळ्या रूपात येतं. ज्याला तो रोज बघत आला, तो गावचा टॉम यू नौदलात ‘कॉव्हेंट्री’ या युद्धनौकेवर असतो. नौका बुडते. टीव्हीवरच्या बातम्यांना टाळ्या पिटणाऱ्या पोरांच्या तोंडचं पाणी पळतं.

पहिलं पुस्तक सू टाउनसेंड यांचं ‘द सीक्रेट डायरी ऑफ एड्रियन मोल’, १९८२ सालचं. दुसरं डेव्हिड मिचेल यांचं ‘ब्लॅक स्वान ग्रीन’, २००६ सालचं. दोन्ही नायक जवळपास एकाच वयाचे आणि एकाच थॅचरकालीन इंग्लंडमधले. दोघेही कविता करतात आणि दोघांच्याही घरात आई-वडिलांचं बिनसत चाललंय. यातलं एकच घ्यायचं, तर कोणतं, असं मला पुष्कळदा विचारलं जातं. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी एड्रियन. त्याला एक अपवाद आहे, तो पुढे सांगते.

एड्रियनची डायरी १ जानेवारी १९८१ला सुरू होते. हनुवटीवर पुळी आलीय आणि ती जगाला दिसणार, हे त्याचं मोठं दुःख. मॅल्कम मगरिज हे पत्रकार-विचारवंत टीव्हीवर बोलले आणि आपल्याला जवळजवळ सगळं समजलं, म्हणजे आपण बुद्धिवंत असणार, असं तो ठरवून टाकतो. खोलीच्या भिंतींवर लहानपणीचा, नॉडी या बालकथांतल्या पात्राचा वॉलपेपर आहे, म्हणून तो त्यावर काळा रंग फासतो. पण नॉडीच्या टोपीच्या घंटा कितीही हात दिले तरी वर दिसत राहतात. पुस्तकातलं मला सर्वांत आवडतं चित्र हेच. मोठं होण्याची घाई आणि खालून डोकावणारं बालपण, दोन्ही एका भिंतीवर.

पण या पुस्तकाची खरी करामत एड्रियनला जे दिसतं पण कळत नाही, त्यात आहे. शेजारचे मिस्टर लुकस स्वयंपाकघरात आईबरोबर कॉफी पीत बसलेत, खोलीत सिगारेटचा धूर आहे, दोघं हसताहेत, आणि हा आत आला की हसू थांबतं. तो हे सगळं प्रामाणिकपणे लिहून ठेवतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. आपल्याला मात्र त्याच क्षणी कळतं. पुढे आई लुकसबरोबर शेफील्डला निघून जाते आणि वडिलांची नोकरी सुटते. पुस्तक हसवणं सोडत नाही, पण गरिबीवर पांघरूणही घालत नाही. टाउनसेंड स्वतः लेस्टरच्या कष्टकरी वस्तीतल्या. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि पुढे त्यांनी एकटीने मुलं वाढवली. पैशांची ओढाताण त्यांनी ऐकून लिहिलेली नाही. बर्ट बॅक्स्टर या ८९ वर्षांच्या, बीटरूट खाणाऱ्या, चिडक्या कम्युनिस्ट म्हाताऱ्याची एड्रियन कुरकुरत का होईना जी सेवा करतो, ती वाचून मी या मुलाच्या प्रेमात पडले.

जेसनचं उलट आहे. त्याला सगळं कळतं, बोलता मात्र येत नाही. तो अडखळतो. घशात बसून शब्द अडवणाऱ्याला त्याने ‘हँगमन’, म्हणजे जल्लाद, असं नाव दिलंय. ‘एन’ आणि ‘एस’ ही त्या जल्लादाची आवडती अक्षरं. वाक्य सुरू असतानाच जेसन पुढे येणारा धोक्याचा शब्द हेरतो आणि त्याजागी दुसरा बसवतो, वर्गात कोणाला पत्ता लागू नये म्हणून. एड्रियन आपल्या कविता थेट बीबीसीला पाठवतो. जेसन मात्र ‘एलियट बोलिव्हार’ या टोपणनावाखाली गावच्या चर्चच्या मासिकात लपतो, कारण कविता करणारा मुलगा गावातल्या दांडगट पोरांच्या तावडीत सापडला तर त्याची धडगत नसते. मिचेल स्वतः तोतरेपणाने बोलतात आणि जेसनचं खेडं ज्या वूस्टरशायर परगण्यात आहे, तिथेच लहानपणी वाढले. त्यामुळे यातली भीती आतून आलेली आहे. इथेही हसू येतं, पण घासागणिक खडा लागावा तसं.

माझा अपवाद इथेच आहे. तुमच्या घरात अडखळत बोलणारं मूल असेल, किंवा तुम्ही स्वतः तसे असाल, तर आधी जेसन. या विषयावर इतकं खरं लिहिलेलं माझ्या वाचनात दुसरं नाही.

भाषेचं म्हणाल, तर एड्रियन सोपा. नोंदी छोट्या, वाक्यं सरळ. लोकलमध्ये दोन स्टेशनांच्या मध्ये एक आठवडा वाचून होतो. त्या काळचे ब्रिटिश राजकारणी आणि टीव्हीवरची माणसं अनोळखी वाटतील, त्यांच्यासाठी थांबू नका. ‘ब्लॅक स्वान ग्रीन’मध्ये तेरा महिन्यांची तेरा मोठी प्रकरणं आहेत आणि ऐंशीच्या दशकातल्या शाळकरी पोरांची बोली दाट आहे. पहिली चाळीसेक पानं जड जातात, नंतर कान तयार होतो. इंग्रजी कादंबरीला नुकताच हात घातला असेल तर इथून सुरुवात करू नका.

मुलांना भेट द्यायची असेल, तर आधी स्वतः चाळा. दोन्हींत शरीराबद्दलचं कुतूहल उघड आहे. एड्रियन आपल्या अवयवाची लांबी मोजून डायरीत लिहितो. जेसनच्या जगात शिव्या, मारहाण आणि प्रेमी जोडप्याचा एक प्रसंग आहे. मी एड्रियन तेराव्या वर्षापासून देईन, जेसन पंधरा-सोळाच्या आधी नाही.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ज्यांना जवळची वाटली, त्यांना जेसन लवकर आपलासा वाटेल. तिथे नववीतल्या मुलाच्या मागे आणीबाणी आहे, इथे फॉकलंड.

दोन्ही वाचणार असाल तर क्रम बदलू नका. एड्रियनची पहिली डायरी ३ एप्रिल १९८२ला संपते आणि जेसनची गोष्ट त्याच वर्षाच्या जानेवारीत सुरू होते. पहिलं पुस्तक मिटून दुसरं उघडलं की तुम्ही तीन महिने मागे, त्याच थंडीत, दुसऱ्या एका घरात शिरता.