एरंडवण्यातील उच्चदाब ऑक्सिजन उपचार केंद्र : तीस सत्रांनंतरचा अभिप्राय

बाबांच्या तळपायाची मधुमेही जखम ड्रेसिंग आणि प्रतिजैविकांनी तीन महिने भरेना, तेव्हा त्यांच्या शल्यचिकित्सकांनी जोडीला बंद पेटीत वाढीव दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेण्याचा हा उपचार सुचवला आणि पुण्यात एरंडवण्यातल्या एका केंद्रात त्यांची तीस सत्रे झाली.

पहिल्याच दिवशी बाबांच्या केसांना लावलेले खोबरेल तेल पाहून तंत्रज्ञाने त्यांना डोके धुऊन यायला सांगितले. बाबा कुरकुरले, पण शुद्ध ऑक्सिजनने भरलेल्या पेटीत तेलकटपणा आगीला निमंत्रण देतो, म्हणून हीच शिस्त मला आश्वासक वाटली. सुती कपडे, छातीचा एक्स-रे आणि दर वेळी आधी रक्तातील साखर तपासणे, यांतही कधी कुचराई झाली नाही.

पेटीतील दाब हळूहळू 2.4 वातावरणांपर्यंत (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेचा दाब), म्हणजे समुद्रात सुमारे 14 मीटर खोलीवर असतो तितका, वाढवतात. खंबाटकी घाट उतरताना बसतात तसे कानांना दडे बसतात. बाबांनी हात वर केला की तंत्रज्ञ दाब तिथेच थांबवून त्यांना आवंढा गिळायला लावत असे. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिन साध्या हवेतही त्याने जवळजवळ भरलेलेच असते. वाढतो तो रक्तद्रवात थेट विरघळणारा ऑक्सिजन. एरवी 100 मिलिलिटर रक्तात तो जेमतेम 0.3 मिलिलिटर असतो, तर 3 वातावरणे दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये सुमारे 6 मिलिलिटर होतो. मात्र हाच ऑक्सिजन अति झाला की मेंदूवर उलटतो आणि झटके येतात, हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी 1878 मध्येच मांडले होते; म्हणूनच दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे मुखवट्यातून साधी हवा देतात.

तक्रार आहे ती समुपदेशनाबद्दल. विसाव्या सत्राच्या सुमारास बाबा चष्म्याविना वर्तमानपत्र वाचू लागले म्हणून आम्ही खूश झालो, पण पीएमपी बसच्या पाट्या त्यांना दिसेनाशा झाल्या. वाढीव ऑक्सिजनमुळे डोळ्याच्या भिंगात येणारा हा बदल बहुधा काही आठवड्यांत ओसरतो, हे आधी कोणी सांगितले नाही, आणि आम्ही नवा चष्मा करून बसलो. स्वागतकक्षातील पत्रकात तारुण्य परत मिळण्याची हमीही छापली आहे, जी तिथल्या तंत्रज्ञाच्या काटेकोरपणाला मुळीच शोभत नाही.

जखम आता रुपयाच्या नाण्याएवढी उरली आहे. अर्थात ड्रेसिंग आणि साखरेचे पथ्यही चालूच होते.