सह्या पाच, त्यात जोनास दोन

मेटलवाल्या मंडळींनो, ॲट द गेट्स या स्वीडिश मेटल बँडच्या 'स्लॉटर ऑफ द सोल' या अल्बमची "1995 ची पहिली आवृत्ती, पाचही जणांच्या सह्यांसकट" अशी जाहिरात दिसली तर लगेच मागे फिरा. माझे 3,949 स्वीडिश क्रोना बुडाले. रेकॉर्डचे 3,400, टपालाचे 99 आणि सह्या अस्सल असल्याच्या 'प्रमाणपत्राचे' 450. प्रमाणपत्र म्हणजे घरच्या प्रिंटरवर काढलेला कागद, त्यात बँडचं नावही चुकीचं. खरं सांगायचं तर त्या 450 चा राग बाकीच्या पैशांपेक्षा जास्त येतो.

पुढचा प्रकार तुम्हाला नवा नाही. "अजून दोघं मागतायत, रात्रीपर्यंतच ठेवतो." स्विशनं (फोनवरून पैसे पाठवायचं ॲप) पैसे पाठवा, उद्या पार्सल टाकतो. बँडचा गायक टोम्पा लिंडबर्ग सप्टेंबर 2025 मध्ये वारला, त्यानंतर त्याची सही हातात असावी असं कोणाला वाटणार नाही? नेमकं तेच वाटणं या माणसानं विकायला काढलं होतं.

आता ज्यासाठी हे लिहितोय ते. फोटोत पाच सह्या होत्या आणि त्यातल्या दोन जोनासच्या. अँडर्सची नाहीच! गोथेनबर्गच्या स्टुडिओ फ्रेडमनमध्ये हा अल्बम झाला तेव्हा बँडमध्ये जोनास एकच, बेसवरचा ब्यॉर्लर. गिटारवर त्याचा जुळा भाऊ अँडर्स. दुसरा जोनास, स्टोलहामर, अँडर्स बाहेर पडल्यावर 2017 मध्ये आला. आणि विकणारा म्हणतोय सह्या 1996 च्या, बँड फुटायच्या जरा आधीच्या! कुणीतरी अलीकडच्या सह्या समोर ठेवून गिरवल्यात, उघड आहे. या अल्बमच्या 'कोल्ड' गाण्यातला पाहुण्या गिटारवादकाचा, अँडी लारॉकचा सोलो मी झोपेतही गुणगुणेन, आणि मला हे दिसलं पार्सल फोडल्यावर. पण फोटो तिरका काढलेला, वर दिव्याची चमक. जोनास हे नाव तिथं असायला हवं होतं, ते होतं. दोनदा आहे का हे कोण मोजत बसतं? तुम्ही मोजा. सरळ, उजेडातला फोटो मागा, आणि द्यायला कुरकुर केली की संपलं.

शिवाय मी अगदीच डोळे मिटून घेतलं नव्हतं. लेबलाशेजारी कोरलेल्या अक्षरांचा फोटो मागितला होता, त्यात 'मॉश 143' हा या रेकॉर्डचा कॅटलॉग क्रमांक स्पष्ट होता. पण एवढ्यानं पहिली आवृत्ती सिद्ध होत नाही, आणि तो फोटो त्याच तबकडीचा होता हे तरी कशावरून? फोटोत तुमचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा.

आता आपल्या रक्षणकर्त्यांचं ऐका. बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच बँकआयडीनं, म्हणजे फोनवरच्या डिजिटल ओळखपत्रानं, मंजूर केलाय, आम्ही काय करणार. ग्राहकांच्या तक्रारी बघणारे म्हणाले, विकणारी कंपनी हवी, दोन खासगी माणसांचं भांडण आमच्याकडे येत नाही. पोलिसांत तक्रार दिली. स्विशवर दिसलेलं नाव दिलं, फोन नंबर दिला, सगळे मेसेज दिले. उत्तर काय, तर तपास बंद, कारण गुन्हा सिद्ध होण्याची शक्यता दिसत नाही. अरे, त्या नंबरवर फोन तरी लावून बघायचा! मी पोलिसांना फोन केला तर तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, सह्या खोट्या आहेत हे तुम्ही कसं ठरवलं? मी दोन जोनासचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "हा बँड प्रसिद्ध आहे का?" गोथेनबर्गच्या बँडबद्दल, स्वीडनमध्ये!

जाहिरात उतरवायच्या आधी तिचे स्क्रीनशॉट घ्या, मी घेतले म्हणून निदान तक्रार तरी लिहिता आली. शक्य असेल तर प्रत्यक्ष भेटून, रेकॉर्ड हातात घेऊन मगच पैसे द्या. तो माणूस "भेटायला वेळ नाही" म्हणत होता. पैसे घ्यायला मात्र रात्री साडेअकराला जागा होता.

परवा जाहिरात पुन्हा लागलीय, दुसऱ्या नावानं. फोटो तोच, किंमत आता 3,900.