वायरची की बॅटरीची सर्क्युलर सॉ?

जाड सागवान कापायचं असेल तर सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल फिरत्या पात्याची करवत, वायरचीच घ्या. तिचं १८५ मिलिमीटरचं पातं साधारण ६५ मिलिमीटर खोल जातं आणि दिवसभर दम टिकतो. वैताग एकच, केबल सतत पायात येते. लाइन गेली की हात बांधून बसा, हेही आलंच.

१९ मिलिमीटर प्लायला मात्र मला १८ व्होल्टची, १६५ मिलिमीटर पात्याची बॅटरीवालीच आवडते. केबल कडेला अडकत नाही, त्यामुळे कट मध्येच वाकडा होत नाही. तरी सरळ पट्टी क्लॅम्पने बांधाच. नुसत्या नजरेवर भले भले सुतार फसतात. पातं खालून वर कापतं, म्हणून प्लायची चांगली बाजू खाली ठेवायची. पातं प्लायखाली ५-६ मिलिमीटरच निघू द्या. आधार फक्त दोन टोकांना असेल तर फळी मध्ये खचते, पातं चिमटतं आणि मशीन अंगावर उसळते.

वायर नाही म्हणजे धोका कमी? छे! प्लग काढायचं लक्षात राहतं, बॅटरीचं राहत नाही. पातं बदलण्याआधी ती काढाच. आणि नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. आधी सावलीत निवू द्या.