टिळकवाडीतील जावाचा क्लास: अ‍ॅरेच्या धड्यावरून दिलेला अभिप्राय

बेळगावच्या टिळकवाडीतील ज्या क्लासमध्ये मी जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलो, तेथील शिकवणीचा कस माझ्या मते अ‍ॅरेच्या (एकाच प्रकारच्या अनेक किमती ओळीने ठेवणारी रचना) धड्यात लागतो, आणि त्यात हा क्लास बऱ्याच अंशी उतरतो. खानापूर-निपाणी भागातून मराठी माध्यमात शिकून आलेली मुले येथे पुष्कळ असतात. सर मराठीतून समजावतात, कन्नड मुलांसाठी तोच मुद्दा कन्नडमधून पुन्हा सांगतात आणि संज्ञा मात्र इंग्रजीच ठेवतात, जे पुढच्या परीक्षांच्या दृष्टीने योग्यच आहे.

उद्यमबागेतील फौंड्रीत दररोज निघणाऱ्या कास्टिंगची संख्या घेऊन सरांनी एक मेथड, म्हणजे ठराविक काम करणारा प्रोग्रॅमचा तुकडा, लिहून घेतली. मेथडच्या नावाआधी नुसते ‘इंट’ (पूर्णांक) न लिहिता त्यापुढे चौकोनी कंस टाकले की ती अख्खा अ‍ॅरे परत करू शकते, हे कोणीही सांगेल. परंतु मेथडने हिशेब करून उत्तर परत द्यावे आणि छापण्याचे काम तिला बोलावणाऱ्याने करावे, हा आग्रह सरांनी शेवटपर्यंत सोडला नाही. परत आलेला अ‍ॅरे थेट ‘प्रिंटएलएन’ला (छापणाऱ्या मेथडला) दिल्यावर पडद्यावर आकड्यांऐवजी एक चौकोनी कंस, ‘आय’ हे अक्षर, ‘अ‍ॅट’चे चिन्ह आणि काही अनोळखी अक्षरे-अंक उमटले, तेव्हा सरांनी उत्तराची घाई केली नाही. अ‍ॅरे हाही ऑब्जेक्टच असल्यामुळे त्याला ‘ऑब्जेक्ट’ क्लासची ‘टूस्ट्रिंग’ (मजकुरात रूपांतर करणारी मेथड) वारशाने मिळते आणि ती केवळ प्रकाराचे नाव व हॅशकोड (ऑब्जेक्टसाठी काढलेली एक संख्या) एवढाच मजकूर परत देते, हे त्यांनी फळ्यावर एकेक चिन्ह फोडून दाखवले, आणि त्यानंतरच २००४ मध्ये जावा ५ सोबत आलेली, अ‍ॅरेतील आकडे दाखवणारी ‘अ‍ॅरेज.टूस्ट्रिंग’ शिकवली. ‘कॅर’चा (अक्षरांचा) अ‍ॅरे मात्र ‘प्रिंटएलएन’ थेट अक्षरांतच छापते, कारण त्याच्यासाठी वेगळी मेथड आहे, हा बारकावाही त्यांनी चालवून दाखवला.

मेथड अ‍ॅरेची प्रत नव्हे, तर त्याचा संदर्भ (मूळ अ‍ॅरेकडे नेणारा दुवा) परत करते. म्हणून आलेलाच अ‍ॅरे क्रमाने लावून परत दिला, तर मूळ क्रमही बदलतो. तो राखायचा असेल तर आधी ‘क्लोन’ करून प्रत काढावी लागते. हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला.

छापील नोट्स मात्र सुधारायला हव्यात. हॅशकोडला त्यात सरळ ‘मेमरीतील पत्ता’ म्हटले आहे, जे चूक आहे आणि सरांच्या स्वतःच्या विवेचनाशी विसंगतही आहे. द्विमिती अ‍ॅरेसाठी ‘डीपटूस्ट्रिंग’ लागते, अन्यथा प्रत्येक ओळीसाठी पुन्हा तीच विचित्र चिन्हे उमटतात, हे तासाच्या अखेरीस घाईत उरकले गेले. संध्याकाळच्या बॅचला एका संगणकावर दोघांना बसावे लागते, त्यामुळे ज्यांना शक्य असेल त्यांनी सकाळची बॅच घ्यावी.