पाच बोटांची चाचणी मराठी पुस्तकांवर: काही महिन्यांच्या वापरानंतर

सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना प्रकरणांची पुस्तकं निवडून देताना आमच्या बालवाचनालयात गेले काही महिने पाच बोटांची चाचणी वापरतोय. पद्धत सोपी आहे. पुस्तकाच्या मधलं पान उघडायचं, मुलाने मोठ्याने वाचायचं आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला आपण एक बोट मिटायचं. एखादंच मिटलं तर पुस्तक सोपं. दोन-तीन म्हणजे बेताचं, चार म्हणजे मोठ्यांना शेजारी बसावं लागणार, पाच झाली की तूर्त कपाटात परत. चाचणी कामाची आहे, पण इंग्रजीवरून जशीच्या तशी उचलली तर मराठीत चकवते.

मुख्य चकवा लिपीचा. अक्षरओळख पक्की झालेलं मूल अर्थ न कळताही शब्द बरोबर उच्चारतं. 'राक्षस अंतर्धान पावला' हे दुसरीतलं मूल धडाधड वाचेल, एकही बोट मिटणार नाही, आणि राक्षसाचं काय झालं ते त्याला सांगता येणार नाही. म्हणून दोन्ही हात वापरावेत: उजव्यावर उच्चाराला अडलेले शब्द, डाव्यावर न कळलेले. अर्थ पान संपल्यावरच विचारायचा, मध्येच टोकलं की गोष्टीचा धागा सुटतो. उजवा हात भरला आणि डावा मोकळा राहिला, तर ते पुस्तक आपण वाचून दाखवायचं. मुलाला गोष्ट झेपते, वाचन झेपत नाही. डावा भरला तर पुस्तक वर्षभर थांबू शकतं. गंमत म्हणजे पालक नेमके अशाच पुस्तकांवर खूश असतात, कारण पोरगं फाडफाड वाचत असतं.

चाचणीत पानावर शंभरेक शब्द गृहीत धरलेले असतात. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. 'खोलीसमोरच्या' हा मोजायला एकच शब्द, पण नव्या वाचकाला डोंगर. त्यात टाइप मोठा आणि अर्ध्या पानावर चित्र असलं की चाळीस-पन्नासच शब्द उरतात. अशा वेळी दोन पानं मिळून एक धरावं. सुरुवातीचं पान घेऊ नये. तिथे गावाची आणि पात्रांची नावं दाटलेली असतात. नावाला अडलं तर बोट मिटू नये.

कुठल्या शब्दाला अडलं तेही लिहून ठेवावं. रफार ('सूर्य'चं 'सूयर' होतं), 'दुसऱ्या'मधला अर्धा र, आणि द्ध, द्व, ह्म अशी जोडाक्षरं एवढ्यातच बहुतेक बोटं खर्ची पडत असतील, तर पुस्तक बदलण्याआधी आठवडाभर तेवढ्याच शब्दांचा सराव पुरतो. छपाईही तपासावी. ओळी दाटीने बसवलेल्या असल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो आणि मूल ओळच चुकतं. वाचत्या ओळीखाली पोस्टकार्ड धरून पुन्हा वाचायला द्यावं. बोटं कमी झाली तर दोष छपाईचा. पहिल्या प्रकरणपुस्तकाला 16 पॉइंटच्या खालचा टाइप आम्ही घेत नाही.

आजोबांच्या कपाटातल्या प्रतींबाबत सावध राहावं. 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत 'कांहीं', 'घरांत' असे अनुस्वार सापडतात. मूल ते इमानदारीने उच्चारतं आणि वाक्य कानाला परकं वाटू लागतं. शेर, पायली, आणा आले की डावा हात भरलाच.

पुस्तकांवर छापलेलं वय आम्ही जवळपास सोडूनच दिलंय. त्यापेक्षा 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेच्या वाचनाच्या चार पातळ्या बऱ्या. त्यांच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर भाषा आणि पातळी निवडून गोष्टी मोफत मिळतात. तिसरी पातळी साधारण 1500 शब्दांपर्यंत, चौथी त्यापुढे. तिसऱ्या पातळीच्या तीन-चार गोष्टी एका बैठकीला एक अशा पार पडल्या, तर मूल प्रकरणांकडे वळायला तयार आहे. मात्र पातळीत लांबीचा वाटा मोठा आहे, आणि अनुवादांची मराठी सारख्या प्रतीची नाही, त्यामुळे तिथेही बोटं मोजावीच लागतात.

दम किती टिकेल हे मात्र ही चाचणी सांगत नाही. मिनिटाला 45 शब्द वाचणाऱ्या मुलाला 700 शब्दांचं प्रकरण म्हणजे पाव तासाचं काम. त्याहून लांब प्रकरण अर्ध्यावर सुटतं आणि दुसऱ्या दिवशी मागचं आठवत नाही. प्रकरणाची लांबी आधी चाळून पाहावी. दोन प्रकरणं झाल्यावर 'काय वाचलंस?' न विचारता 'आता हा काय करेल?' असं विचारावं. उत्तर चुकलं तरी चालेल, यायला हवं.

बोटांचा हिशेब मुलांना लवकर कळतो. जाडं पुस्तक हवं असलं की अडलेला शब्द गिळून पुढे जातात. मोजणारा हात टेबलाखाली ठेवावा. पाच बोटं होऊनही मूल पुस्तक सोडत नसेल तर ओढून घेऊ नये. सोबत एक सोपं द्यावं आणि जाड्याची पानं आळीपाळीने वाचावीत, डावं मोठ्यांनी, उजवं मुलाने.