जुन्या फोटोतल्या बाईवर काम: संगणक की सुई-दोरा?

घरातल्या जुन्या फोटोंतल्या बायकांच्या वाट्याला काय आलं नि काय नाही, ते त्याच फोटोत दाखवायचं मनात असेल, तर आधी ठरवावं लागतं: संगणकावर कोलाज करायचं की छापावर भरतकाम? मी दोन्ही करून पाहिलंय. मूळ प्रतीला हात लावायचा नाही, काम स्कॅनवर, हे मी धरून चालतो.

संगणकाच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. आमच्याकडे १९१५ च्या आसपासचा स्टुडिओतला फोटो आहे. पणजोबा खुर्चीत, पणजी मागे उभी, हात खुर्चीच्या पाठीवर. मी पणजोबांना उचलून खुर्ची रिकामी केली. पणजी मात्र मागेच उभी. ते पाहून आई बराच वेळ गप्प होती. दोऱ्याने हे जमत नाही, हे कात्रीचं काम. इंग्लंडमध्ये १८६०-७० च्या सुमारास उमराव घरांतल्या बायका फोटोंतली डोकी कापून आपल्या जलरंगातल्या चित्रांवर चिकटवत, अगदी बदकांच्या धडांवरसुद्धा.

माझं अडलं ते कुंकवापाशी. तेव्हाच्या काचेच्या प्लेटांवर लाल रंग नीट उमटत नसे, म्हणून फोटोत कुंकू काळं दिसतं. दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरने बुरशीचे ठिपके पुसले आणि त्यांच्याबरोबर कुंकूही पुसलं, हनुवटीवरचं गोंदणही. पुढ्यात पणजोबा बसलेले आणि पणजीचं कपाळ पांढरं! त्या एका ठिपक्यावर बाईने काय नेसायचं, काय खायचं, लग्नकार्यात पुढे यायचं की नाही, हे ठरायचं. कुंकू परत आणता येतं, मी आणलंही. पण मग प्रत्येक फोटोत आणखी काय गेलं ते मूळ प्रत शेजारी धरून शोधत बसायचं. चार-पाच फोटोंनंतर मला ते सोसेना. सगळी साफसफाई हाताने करता येते म्हणा. तेवढी चिकाटी असेल त्यांनी जरूर करावी.

सुईला वेळ फार लागतो. जाड सुती कागदावर छाप घ्यायचा, फोमवर ठेवून आधी टाचणीने भोकं पाडायची, मग सहापदरी दोऱ्यातला एकच पदर ओवायचा. भोकं फार जवळ पडली तर कागद पोस्टाच्या तिकिटासारखा फाटतो, आणि चुकलेलं भोक बुजत नाही. पण कपाळापाशी आल्यावर हा डाग की कुंकू, हे आपल्यालाच ठरवावं लागतं. मला तेच हवं होतं.

त्या फोटोच्या पाठीवर पणजोबांचं नाव आहे आणि पुढे नुसतं ‘यांचे कुटुंब’. पणजीचं माहेरचं नाव घरात कुणालाच आठवत नाही. म्हणून मी तिच्या पायाशी लाल दोऱ्याने फक्त शिरोरेषा भरली. खाली अक्षरं नाहीत.

दहा-बारा फोटो असतील आणि प्रदर्शनाची तारीख जवळ असेल, तर संगणकच बरा पडेल. एकाच बाईपाशी थांबायचं असेल तर माझं मत सुईला. एका फोटोचे तीन छाप मात्र काढून ठेवा. माझे पहिले दोन हातातच फाटले.